३४ सागरी मैल: उत्तर समुद्रावरच्या एका हेलिकॉप्टरचं प्रकरण

१० मे २०१२ रोजी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून एक हेलिकॉप्टर समुद्रातल्या ड्रिलिंग रिगकडे निघालं. आत १२ कामगार आणि दोन वैमानिक होते. ॲबर्डीनपासून ३४ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण ६३ किलोमीटरवर, वैमानिकानं ते स्वतःहून समुद्रात उतरवलं. हेलिकॉप्टर सरळ तरंगत राहिलं, चौदाही जण तराफ्यात चढले आणि घरी गेले.

ही गोष्ट इथेच संपली असती तर तिच्यावर लिहिण्यासारखं फार नव्हतं. पण तपासात पुढे असं निघालं की ज्या दिव्यामुळे त्यांनी किनारा गाठायचा विचार सोडून पाण्यात उतरायचं ठरवलं, तो दिवा खोटा होता. जी यंत्रणा बंद पडली असं तो सांगत होता ती व्यवस्थित चालू होती. मग वैमानिक चुकला का? माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे, आणि ते का, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण सुरुवातीपासून बघायला हवं. हेलिकॉप्टर कंपनीचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दामच दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

ॲबर्डीन हे उत्तर समुद्रातल्या तेलधंद्याचं शहर. आपल्याकडे जुहूहून बॉम्बे हायला जशी माणसं हेलिकॉप्टरनं जातात-येतात, तशीच तिथली ये-जा. बॅग वजन करून द्यायची, सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा, लाइफ जॅकेट चढवायचं आणि कानात बोळे घालून बसायचं. फरक पाण्याचा. अरबी समुद्र उबदार आहे, तर ॲबर्डीनच्या बाहेरचं पाणी मे महिन्यातही दहा अंशांच्या आसपास असतं. त्यात नुसत्या कपड्यांवर पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत काम करेनासे होतात. म्हणून तिथे प्रत्येक प्रवासी पाणी आत न येणारा इमर्शन सूट घालून बसतो, आणि उलट्या झालेल्या केबिनमधून पाण्याखालून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणाला तिकडे पाठवत नाहीत.

हेलिकॉप्टर होतं ईसी-२२५, सुपर प्यूमा घराण्यातलं, फ्रान्समध्ये बनलेलं. दोन इंजिनं, वर पाच पात्यांचा पंखा. पुढचं सगळं समजण्यासाठी त्याच्या गिअरबॉक्सबद्दल थोडं सांगायला हवं. इंजिनातून निघणारा दांडा मिनिटाला सुमारे २३,००० फेरे घेतो, तर डोक्यावरचा पंखा जेमतेम २६५. हा वेग उतरवण्याचं काम मुख्य गिअरबॉक्स करतो, आणि त्याच्या दातांवर सतत तेलाचा मारा चालू नसेल तर ते तापून घासले जातात. इंजिन बंद पडलं तर पंखा हवेच्या जोरावर फिरत राहतो आणि हेलिकॉप्टर तरंगत खाली आणता येतं. दोन इंजिनं असतील तर एक गेल्यानं बहुधा तेवढंही करावं लागत नाही. गिअरबॉक्सला मात्र जोडीदार नाही. तो अडकला की पंखाच अडकतो, आणि मग वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. म्हणून कॉकपिटमध्ये इंजिनाच्या दिव्यापेक्षा गिअरबॉक्सच्या दिव्याला जास्त घाबरतात.

त्या कॉकपिटमध्ये आणखी एक गोष्ट बसलेली होती. तीन वर्षांपूर्वी, १ एप्रिल २००९ रोजी, याच किनाऱ्याजवळ पीटरहेडच्या ईशान्येला सुपर प्यूमाच घराण्यातलं एक हेलिकॉप्टर पडून सोळाच्या सोळा माणसं गेली होती. गिअरबॉक्समधला एक भाग थकून तुटला आणि पंखा निखळला. आदल्याच आठवड्यात त्या गिअरबॉक्समध्ये धातूचा कण सापडला होता.

त्याच वर्षी १२ मार्चला अटलांटिकच्या पलीकडे, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळ, वेगळ्या कंपनीच्या एस-९२ हेलिकॉप्टरचं गिअरबॉक्सचं तेल गेलं. आत १८ माणसं होती. वैमानिक ९,००० फुटांवरून वळले, ८०० फुटांपर्यंत खाली आले आणि तिथून सपाट उडत किनाऱ्याकडे निघाले. पुस्तकात नियम होता की तेलाचा दाब ५ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) खाली गेला आणि जोडीला दुसरी एखादी खूण दिसली, तर तत्काळ उतरा. दुसरी खूण म्हणून ते तेलाचं तापमान बघत होते. ते चढत नव्हतं, तेव्हा सेन्सर किंवा पंप बिघडला असावा असं त्यांना वाटलं. वास्तविक तेलच उरलं नव्हतं, मग तापमान मोजणाऱ्या तारेला गरम तेल लागणार कुठून? पहिल्या इशाऱ्यानंतर सुमारे ११ मिनिटांनी ते हेलिकॉप्टर समुद्रावर आदळलं. एक जण वाचला. तेल गेलं कारण तेलगाळणी धरून ठेवणारे टायटॅनियमचे स्टड, म्हणजे बोल्ट, तुटले होते. हीच कटकट जुलै २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रूमजवळ झाली होती. तिथल्या वैमानिकांनी वेळ न दवडता जमीन गाठली आणि सगळे वाचले.

या धंद्यातल्या प्रत्येक वैमानिकाला मार्च आणि एप्रिल २००९ पाठ होते.

बिघाड

१० मेचं उड्डाण साधं होतं. उंची ३,००० फूट, ऑटोपायलट चालू. आणि मग एकापाठोपाठ दिवे लागले. गिअरबॉक्सच्या तेलाचा मुख्य दाब गेला, राखीव पंपाचाही गेला, आणि धातूचे कण सापडल्याचा 'चिप' दिवाही लागला.

इथे पहिला निर्णय: हे खरं आहे की सेन्सरचं नाटक? एकच दिवा लागला असता तर शंका रास्त होती. हेलिकॉप्टरमध्ये खोटे दिवे लागतच असतात. जुन्या गाडीत पेट्रोलचा काटा खोटं बोलतो तितक्याच सहज. पण दाबाचे दोन वेगवेगळे मार्ग आणि धातूचे कण, तिन्ही एकदम खोटं बोलतील असं मानायला मोठी हिंमत लागते. वैमानिकांनी ती दाखवली नाही, आणि बरोबर केलं.

एक खटकणारी गोष्ट अशी की दोन पंप असूनही दोन्ही एकदम कसे गेले? हा योगायोग नव्हता, आणि त्याचं उत्तर पुढे येईल. तूर्त कॉकपिटमध्ये त्याचा अर्थ एवढाच होता की तेल फिरवणारं काही उरलेलं नाही.

या प्रसंगासाठी ईसी-२२५ वर खास सोय होती. तिला आपत्कालीन वंगण यंत्रणा म्हणता येईल. बटण दाबलं की इंजिनातून घेतलेली दाबाची हवा आणि ग्लायकॉलचं मिश्रण गिअरबॉक्समध्ये फवारलं जातं. तेलाइतकं ते गुणकारी नाही, पण ३० मिनिटं गिअरबॉक्स जिवंत ठेवेल एवढं. निर्मात्याचा दावा तोच होता आणि चेकलिस्टही त्यावरच उभी होती. वैमानिकांनी चेकलिस्ट काढली, पायऱ्या उतरत गेले आणि बटण दाबलं.

थोड्याच वेळात त्याच यंत्रणेचा बिघाडदर्शक दिवा लागला.

कॉकपिटसमोरचे पर्याय

हेलिकॉप्टरच्या पुस्तकांत 'उतरा' हा शब्द तीन पायऱ्यांनी येतो, आणि या पायऱ्या नीट लक्षात घेतल्या नाहीत तर हे प्रकरण कळत नाही. सर्वांत सौम्य म्हणजे सोय बघून उतरा: पुढचा मोठा तळ चालेल, जिथे मेकॅनिक मिळेल. त्यावरची म्हणजे शक्य तितक्या लवकर उतरा: जवळात जवळची सुरक्षित जागा, मग ते क्रिकेटचं मैदान का असेना. बातम्यांत आपण ज्याला खबरदारीचं उतरणं म्हणतो, ती बहुतेक उतरणी या दोन पायऱ्यांवरची. शेतात हेलिकॉप्टर, भोवती गावकरी, मोबाईल काढून पोरं. तिसरी पायरी म्हणजे तत्काळ उतरा. खाली जे असेल तिथे. जमिनीवर उडताना दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत अंतर थोडं असतं. समुद्रावर उडताना दुसरी म्हणजे किनारा किंवा जवळच्या रिगवरचं हेलिकॉप्टर उतरायचं डेक, आणि तिसरी म्हणजे पाणी. त्या दोहोंमध्ये काय काय असतं, ते वर सांगितलेल्या दहा अंशांवरून ओळखावं.

आपत्कालीन यंत्रणा चालू असताना वैमानिक दुसऱ्या पायरीवर होते: किनाऱ्याकडे चला, ३० मिनिटं आहेत. तिचा बिघाडदर्शक दिवा लागताच चेकलिस्टनं त्यांना तिसऱ्या पायरीवर ढकललं. त्यांच्यापुढचे रस्ते मला असे दिसतात.

पहिला, दिव्याकडे दुर्लक्ष करून किनारा गाठायचा. हिशेब करून बघू. अडचणीतल्या गिअरबॉक्सवर ताण नको म्हणून वेग उतरवलेला असतो. समजा ८० नॉट, म्हणजे ताशी ८० सागरी मैल, धरले, तर ३४ मैलांना २५ मिनिटांहून जास्त लागतात. यंत्रणा चालू असती तरी ३० मिनिटांतली जेमतेम साडेचार शिल्लक राहिली असती, तीही निर्मात्याचा आकडा अक्षरशः खरा मानला तर. यंत्रणा खरोखर बंद असेल, तर न्यूफाउंडलंडचा हिशेब अकरा मिनिटांचा होता. यंत्र वेगळं, हे खरं. पण वैमानिकाकडे मनात धरायला दुसरा आकडा तरी कोणता होता?

दुसरा रस्ता मधला: खाली यायचं, पाण्याच्या जवळून किनाऱ्याकडे जात राहायचं आणि आणखी काही खुपलं तर उतरायचं. हा रस्ता ऐकायला फार शहाणपणाचा वाटतो, आणि त्याचा अर्धा भाग शहाणपणाचा आहेच. ३,००० फुटांवरून मिनिटाला १,५०० फूट या गतीनं खाली यायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं आधीच खर्च करून ठेवणं म्हणजे स्वस्तातला विमा. पण 'आणखी काही खुपलं तर' हा भाग धोक्याचा. गिअरबॉक्स अडकण्याआधी तो दरवेळी कळवतोच असं नाही. कळवलं तरी तेव्हा पंख्यावर ताबा राहिलेला असेल याची खात्री नाही. न्यूफाउंडलंडचे वैमानिक ८०० फुटांवर याच रस्त्यावर होते. त्यांना वेडं ठरवणं सोपं आहे. मला ते जमत नाही, कारण किनाऱ्याची ओढ ही काय चीज आहे ते समुद्रावर उडालेल्या कुणालाही विचारा.

तिसरा, एखाद्या जहाजाशेजारी किंवा जवळच्या डेकवर उतरायचं. डेक जवळ असेल तर हाच सर्वांत चांगला. साध्या जहाजावर हेलिकॉप्टर उतरवता येत नाही, पण त्याच्या बाजूला पाण्यात उतरलं तर बोट मिळते. मात्र त्यासाठी ते दिसायला हवं, आणि त्यासाठी लांब जावं लागलं की हा पर्याय पहिल्यासारखाच होतो.

चौथा, आत्ताच उतरायचं. इंजिनं चालू आहेत, पंखा फिरतोय, वाऱ्याची दिशा आणि लाटा बघून जागा निवडता येते, प्रवाशांना आधी सांगता येतं. हे सगळं हातात असताना पाण्यात उतरणं आणि गिअरबॉक्स अडकल्यावर पडणं या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत, जरी दोन्हींच्या बातमीत 'हेलिकॉप्टर समुद्रात' हेच शब्द छापून आले तरी.

वैमानिकानं चौथा निवडला. प्रवाशांना सांगितलं, आणि हेलिकॉप्टर ताब्यात असतानाच पाण्यावर टेकवलं.

पाण्यावर

हेलिकॉप्टर नैसर्गिकरीत्या उलटं व्हायला बघतं, कारण इंजिनं आणि गिअरबॉक्स, म्हणजे सगळा भार, छतावर असतो. त्याला सरळ ठेवतात ते अंगावरचे फुगे. पाण्याला टेकताच ते फुगले आणि हेलिकॉप्टर सरळ राहिलं. प्रवासी दारातून तराफ्यात उतरले. प्रशिक्षणात शिकलेलं पाण्याखालचं काही करावं लागलं नाही. मदत पथकांनी त्यांना उचललं. गंभीर इजा कुणालाच झाली नाही.

हे इतक्या सहज लिहिता येतं, पण ते नेहमी असं होत नाही. २८ जून २०२२ रोजी बॉम्बे हायमध्ये रिगजवळ एक हेलिकॉप्टर पाण्यात गेलं. ९ जण होते, चौघं दगावले. त्यानंतरच्या मार्चमध्ये, ८ मार्च २०२३ ला, मुंबईजवळ नौदलाच्या ध्रुवची शक्ती आणि उंची अचानक घटली. वैमानिकांनी ते ताब्यात ठेवून पाण्यावर उतरवलं आणि तिघंही वाचले. या घटनांची कारणं वेगळी आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये, पण माणसं वाचण्याचा भाग जवळजवळ तोच असतो: यंत्र पाण्याला टेकताना ताब्यात होतं का, आणि टेकल्यावर सरळ राहिलं का.

ॲबर्डीनच्या प्रकरणातही सगळं सुरळीत नव्हतं. तपास अहवालात तराफ्यांबद्दल आणि अपघातस्थळ कळवणाऱ्या रेडिओ उपकरणाबद्दल त्रुटी नोंदवल्या गेल्या. दिवसा, शोध पथक जवळ असताना त्या खपून गेल्या.

तपासात काय निघालं

ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेनं गिअरबॉक्स उघडला तेव्हा दोन पंपांचं कोडं सुटलं. आत एक उभा शाफ्ट असतो, मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेणारा, दोन तुकडे वेल्डिंगनं जोडून केलेला. वेल्डिंगच्या जागी तो वर्तुळभर तडकून खालचा भाग सुटला होता. वरचा भाग फिरत होता, म्हणून पंखा चालू होता. तेलाचे दोन्ही पंप मात्र खालच्या भागावरून चालत. मुख्य आणि राखीव, दोघांना जेवू घालणारा हात एकच. कागदावर दोन पंप होते, प्रत्यक्षात एक शाफ्ट होता.

तडा का गेला? त्याला एक कारण नव्हतं. वेल्डिंगमुळे धातूत राहिलेला ताण, त्या जागेचा आकार ज्यामुळे जोर एका बिंदूवर गोळा होत होता, आणि ओलाव्यामुळे गंजून पडलेले बारीक खड्डे, तिन्ही एकत्र आले. खड्डा इतका लहान की सांगूनही दिसू नये. त्यातून तडा निघाला आणि फेऱ्यागणिक वाढत गेला.

मग दिवा. आपत्कालीन यंत्रणा खरोखर चालली होती; ग्लायकॉल फवारलं गेलं होतं. पण तिचे दाब मोजणारे स्विच आणि हेलिकॉप्टरची वायरिंग एकमेकांना जुळत नव्हती. परिणाम असा की वैमानिकानं ती यंत्रणा चालू केली की बिघाडाचा दिवा लागणारच, मग ती उत्तम चालत असो वा नसो. हे वाचून मी काही वेळ थांबलो. ज्या क्षणासाठी ही यंत्रणा बसवली, नेमक्या त्याच क्षणी ती खोटं बोलणार हे वायरिंगमध्ये लिहिलेलं होतं, आणि तो क्षण येईपर्यंत कुणालाच कळलं नव्हतं. पूर्ण यंत्रणा खऱ्या हेलिकॉप्टरवर एकदा जरी अथपासून इतिपर्यंत चालवून पाहिली असती, तर दिवा पहिल्याच चाचणीत लागला असता.

तपास शाखेनं शिफारस केली की यंत्रणा चालू केल्यावर तिची खरी अवस्था वैमानिकाला दिसेल असं काहीतरी करा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. वैमानिकाला दिवा खोटा असल्याचं कळायला कोणताही मार्ग नव्हता. त्याच्याजवळ होते तीन खरे इशारे, एक नवा इशारा, एक स्पष्ट चेकलिस्ट आणि २००९ ची आठवण. न्यूफाउंडलंडच्या वैमानिकांना खरा दिवा लागला आणि त्यांना तो खोटा वाटला. इथे खोटा दिवा लागला आणि तो खरा मानला गेला. या दोन चुका सारख्या नाहीत. दिव्यावर विश्वास ठेवून चुकलं तर यंत्र भिजतं. समजा त्यानं दुर्लक्ष केलं असतं आणि किनाऱ्याला सुखरूप पोचला असता, तर आपण त्याला धाडसी म्हटलं असतं. मी मात्र त्याला नशीबवान म्हटलं असतं, आणि पुढच्या उड्डाणाला त्याच्या मागे बसलो नसतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा कॉकपिटमध्ये नाही, हँगरमध्ये आहे. या हेलिकॉप्टरांवर कंपनं सतत नोंदवणारी यंत्रणा असते. तिथे तिला सगळे ह्यूम्स म्हणतात. त्या शाफ्टशी संबंधित आलेख उड्डाणाआधीच्या काळात चढू लागला होता आणि ठरलेली मर्यादा ओलांडली होती. मात्र ही माहिती हेलिकॉप्टर तळावर परतल्यावरच संगणकात उतरवून बघत. आणि मर्यादा ओलांडल्यावर करायचं काय, तर बारकाईनं लक्ष ठेवून उडत राहायचं. म्हणजे आलेख ओरडत होता आणि कार्यपद्धती 'बघू या' म्हणत होती. यात हँगरमधल्या माणसांना दोष देणं मला पटत नाही. त्यांनी पुस्तकाप्रमाणे केलं. पुस्तकाला या आलेखाचा अर्थ पुरता कळलेला नव्हता. पण चढता आलेख हा एका आकड्यापेक्षा वेगळा प्राणी आहे. आज मर्यादेच्या किंचित वर आणि काल किंचित खाली, यात घाबरण्यासारखं नसेल. पण चार उड्डाणं सलग चढत असेल तर पाचवं करू नये असं म्हणायला अभियंत्याला अधिकार हवा, आणि तो वापरल्याबद्दल त्याला कुणी उड्डाण रद्द झाल्याचा खर्च ऐकवता कामा नये.

दुसरी जागा निर्मात्याच्या आराखड्याची. दोन पंप एकाच शाफ्टवर टांगायचे आणि राखीव सोय आहे असं म्हणायचं, हे इमारतीला दोन जिने बांधून दोघांना एकच दार ठेवण्यासारखं आहे. आणि राखीव यंत्रणेचा दिवा न तपासणं तर अक्षम्यच.

तिसरी चेकलिस्टची. ती या प्रकरणात चालली, पण तिच्यात दुसरा दिवा लागल्यावर पडताळणीला काही जागा होती का? ग्लायकॉल खरोखर जातंय का, हे दुसऱ्या कुठल्या काट्यावरून दिसलं असतं तर वैमानिकाला तोलून बघता आलं असतं. ते दिसत नसताना चेकलिस्टनं दिवा खरा मानायला सांगणं योग्यच होतं. पडताळणी हवी, पण ती आराखड्यात हवी. तीन दिवे लागलेले असताना वैमानिकाच्या डोक्यात नको.

वैमानिकांकडून वेगळं काय अपेक्षित होतं, हे मी बराच शोधलं. खाली लवकर येणं, प्रवाशांना लवकर सांगणं, जहाज कुठे आहे ते रेडिओवर विचारणं, या सगळ्या गोष्टी प्रत्येक सरावात घोटवल्या जातात आणि घोटवाव्यातच. याच्यापलीकडे मला काही सापडलं नाही.

नंतर

मे नंतर अशाच शाफ्टच्या तपासण्या सुरू झाल्या, कंपनांवर नजर वाढली. पाच महिने गेले. २२ ऑक्टोबर २०१२ ला त्याच प्रकारचं दुसरं हेलिकॉप्टर, १७ प्रवासी आणि दोन वैमानिक घेऊन, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या सम्बरापासून नैर्ऋत्येला ३२ सागरी मैलांवर होतं. तेलाचा दाब गेला. आपत्कालीन यंत्रणेचं बटण दाबलं. तोच खोटा दिवा लागला. हेही पाण्यात उतरलं, सरळ तरंगलं, आणि जवळून जाणाऱ्या एका टँकरच्या बोटीनं एकोणिसांनाही उचललं. गिअरबॉक्स उघडला तर तसाच वर्तुळभर तडा.

एकाच वर्षात दोनदा झाल्यावर मग ब्रिटन आणि नॉर्वेत या प्रकाराची समुद्रावरची उड्डाणं थांबली. २०१३ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा सुरू झाली: स्विच आणि वायरिंगची दुरुस्ती झाली, शाफ्टच्या तपासणीचे कडक नियम आले, कंपनांचा आलेख उडतानाच कॉकपिटमध्ये दिसू लागला. पुढे शाफ्टचा आराखडाच बदलला. कामगारांचं मन मात्र इतक्या लवकर वळलं नाही. त्यांना स्विच आणि वायरिंगमध्ये रस नव्हता. एकाच वर्षात दोनदा पाण्यात उतरलेल्या यंत्रात बसायला कुणी सांगतंय, एवढंच त्यांना दिसत होतं. ऑगस्टमध्ये सम्बराजवळ याच घराण्यातलं एक जुनं हेलिकॉप्टर पडून चौघं गेले. त्याचं कारण अगदी निराळं होतं, उतरताना वेगावर लक्ष राहिलं नाही. पण बॅगा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कोण समजावणार?

शेवटी या प्रकाराला तेलधंद्यातून बाहेर काढलं ते वेगळ्याच घटनेनं. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत तुरॉय बेटाजवळ एका ईसी-२२५ चा पंखा हवेतच निखळला आणि तेराही जण गेले. तडा गिअरबॉक्समधल्याच एका छोट्या दात्याच्या चाकात होता, आतून वाढलेला. त्या उड्डाणात तेलाचा दाब शेवटपर्यंत ठीक होता, कंपनांच्या आलेखात काही नव्हतं, आणि कॉकपिटमध्ये एकही दिवा लागला नव्हता.